फूल तिचं, काच माझी

"आत खरं फूल घातलंय का हो?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी मी "हो, रोज पाणी घालावं लागतं" असं सांगायला लागले होते. बीडच्या एका प्रदर्शनात एका बाईंनी ते खरं मानलं आणि पाणी कुठून घालायचं म्हणून मण्याचं भोक उजेडात धरून निरखू लागल्या. बिचाऱ्यांचा चेहरा पाहून मलाच लाज वाटली. त्यानंतर मी थट्टा आवरती घेतली.

फूल काचेचंच असतं, आणि त्याच्यावरचा थरही काचेचाच. मी नेकनूरची. गावात मला सुमनअक्का म्हणतात. चोवीस वर्षं मी हे मणी केले, आणि आता डोळ्यांनी नाही म्हटलंय म्हणून हे लिहायला सवड मिळाली आहे. आमच्या भागात कापूस कसा वेचतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, काचेत फूल कसं जातं हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी तेवढं सांगते.

सायकलच्या स्पोकएवढी पोलादी सळई घ्यायची. तिला चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा, नाहीतर मणी सळईला जन्माचा चिकटतो. टेबलावर बर्नर असतो. त्याला एका नळीतून गॅस आणि दुसरीतून ऑक्सिजन येतो, आणि ज्योत निळी, टोकदार लागते. त्या ज्योतीत काचेची कांडी धरली की ती मधासारखी ओघळते. ती फिरत्या सळईवर गुंडाळून आधी एक बारका मणी करायचा. त्यावर पांढरे पाच ठिपके, त्या ठिपक्यांवर रंगाचे ठिपके, आणि मधोमध सुईनं एकदाच टोचायचं. टोचलं की पाचही ठिपके आत ओढले जातात आणि त्यांच्या पाकळ्या होतात. त्या खळग्यावर पारदर्शक काचेचा थेंब ठेवला की खाली हवेचा एक बुडबुडा अडकतो. तो फुलातला पराग.

हे झालं फूल. मग त्याच्यावर सगळीकडून पारदर्शक काच चढवायची. जाड हवी, पण तिच्यात बुडबुडा नको, आणि रंग पसरायला नको. ही वरची काच भिंगासारखी असते. आतलं डाळीएवढं फूल तिच्यामुळे मोठं आणि जवळ दिसतं. एकदा ती चढली की आत हात घालता येत नाही, जे झालं ते झालं. तयार मणी गरम राखेच्या मडक्यात पुरून ठेवायचा आणि सकाळी काढायचा. तापलेल्या काचेत लाल, गुलाबी, जांभळं सगळं एकसारखंच नारिंगी दिसतं. त्यामुळे काल आपण काय केलं हे रोज सकाळीच कळायचं.

हे काम बहुतेक ठिकाणी एकच माणूस करतो. आमच्याकडे दोघी करायचो.

आमच्या समाजमंदिरात बायकांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण आलं होतं. शिकवायला फिरोजाबादकडचे एक म्हातारे उस्ताद होते. विद्यावेतन मिळत होतं तोवर आम्ही बावीसजणी होतो. ते संपल्यावर दोघी उरलो. एक मी, नवऱ्याचं घर सोडून आलेली आणि भावाच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी. दुसरी शहनाज, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, नवरा रिक्षा चालवणारा. उस्ताद जाताना आम्हा दोघींचे हात उलटेसुलटे करून बघत म्हणाले, "इसका हाथ पतला है, तेरा भारी. दोनों मिलाके एक कारीगर बनता है." मला राग आला होता. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. माझ्या फुलांचा कोबी व्हायचा, आणि तिनं चढवलेली काच एका बाजूला लोंबायची.

मग माझ्याच खोलीत एका टेबलावर समोरासमोर दोन बर्नर बसवले. ती फूल करायची, मी काच चढवायची. मधला क्षण महत्त्वाचा. फूल गार पडलं आणि त्यावर तापलेली काच आली, तर मणी तडकतो. म्हणून फूल झालं की शहनाज ते ज्योतीच्या कडेला फिरवत ठेवायची आणि म्हणायची, "घ्या अक्का." मी सळई घ्यायची आणि फिरवणं न थांबवता माझ्या ज्योतीत आणायची. दिवसातून दहा-बारा वेळा ती "घ्या अक्का" म्हणायची.

पंखा लावता येत नाही, ज्योत हलते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पत्र्याखाली, पंख्याशिवाय, दोन ज्योतींपुढे बसणं काय असतं ते लिहून कळायचं नाही. बाहेर वाळत घातलेले पापड आमच्यापेक्षा सुखात असायचे. डोळ्यांना जांभळट चष्मा आणि नजर सतत मण्यावर. त्यामुळे आम्ही जे बोललो ते एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बोललो. मी नवऱ्याचं घर का सोडलं हे तिला एकटीला सांगितलं. माझ्या सख्ख्या भावालाही ते पुरतं माहीत नाही. ती रडत असली तर मला आवाजावरून कळायचं, आणि मी मान वर करायची नाही. तिलाही ते बरं वाटायचं.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची यायची. तेलगावचे एक काका पोळ्याच्या आधी आले आणि बैलाच्या गळ्यासाठी चाळीस मणी हवेत म्हणाले. मी म्हटलं, "काका, बैलाला साधे मणी घाला की. त्याला फुलं कुठं दिसायचीत?"

"त्याला न्हाई दिसत," काका म्हणाले. "मला दिसतेत. औत हाणताना म्या मागं असतो, पण पाणी पाजताना म्होरं असतो."

चाळीस मणी करून दिले. शहनाजनं त्यात एक मणी हिरव्या गवताच्या काडीचा केला, बैलासाठी म्हणून.

लिंबागणेशच्या यात्रेत एक तरुण आला. मण्यात मुलीचं नाव हवं होतं. नाव येत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग फूल टाका. तिला कळंल." पुढच्या यात्रेत पुन्हा आला आणि या वेळी फूल दुसरं टाका म्हणाला. शहनाज हळूच मला म्हणाली, "ईचारू नका अक्का, गिऱ्हाईक जाईल." तो गेल्यावर आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याच्याकडे वळते. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले ते उगाच नाही. ते सांगायला जीभ वळत नव्हती.

काचेच्या जाती असतात. माणसांत मी जात मानत नाही, काचेत मानावी लागते. तापल्यावर काच फुगते, गार होताना आकसते, पण कुणी जास्त आकसते, कुणी कमी. आतली काच आणि वरची काच सारखी आकसली नाही, तर मणी तडकतो. लगेच नाही, कधी चार दिवसांनी, कधी पंधरा. डबीत ठेवलेला मणी कुणी शिवलेलं नसताना टचकन वाजतो. आणि पारदर्शक कांड्या सगळ्या दिसायला एकसारख्या. म्हणून उस्तादांनी एक परीक्षा शिकवली होती. नवी कांडी आली की तिचा तुकडा आणि जुन्या कांडीचा तुकडा शेजारी शेजारी चिकटवून तापवायचे आणि ओढून लांब धागा काढायचा. गार झाल्यावर धागा सरळ राहिला तर दोघींचं पटतं. वाकला तर ती काच परत करायची. दोन मिनिटांचं काम.

पुण्याच्या एक बाई आमचे मणी घेऊन कानातली करायच्या. एका वर्षी त्यांनी तीनशे गुलाब मागितले. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. निम्म्यावर आलो तेव्हा माझ्या पारदर्शक कांड्या संपल्या, आणि फिरोजाबादचं पार्सल काही येईना. मी बीडला जाऊन एका दुकानातून कांड्या आणल्या. दुकानदार म्हणाला, हीच ती काच, त्याच भट्टीतली. मला तेरा वर्षं झाली होती हातात काच धरून. बोटांना कळतं, असा मला ताठा होता. शिवाय घाई होती. मी धागा ओढला नाही.

शहनाजनं टेबलावर बसताना विचारलं, "अक्का, धागा वढला का?"

"व्हय, वढला," मी म्हणाले.

का म्हणाले? ती विचारते याचाच मला राग आला असावा. मी मोठी, कांड्या माझ्या, काच चढवणं माझं काम. असलं काहीतरी. त्याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

रमजान चालू होता. पाऊस लांबला होता, आणि शहनाज दिवसभर पाण्याचा थेंब न घेता त्या ज्योतीपुढे बसत होती. मी म्हटलं, महिनाभर सकाळीच काम करू. ती म्हणाली, तेवढ्यात तीनशे होणार नाहीत. आम्ही तीनशे पुरे केले. ते गुलाब इतके सुरेख होते की ते पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ईद झाली आणि खोकं परत आलं. दोघींनी मिळून ते टेबलावर उघडलं. निम्मे मणी तडकलेले, तडा बरोबर फुलाच्या कडेकडेनं गेलेला. शहनाज एकेक मणी उचलून दाराच्या उजेडात धरून बघत होती. मला आतून कळलं होतं. बीडच्या कांड्या जिथून सुरू झाल्या, तिथूनचेच मणी गेले होते.

"काय झालं असंल, अक्का?"

"फूल गार पडत होतं तुझं," मी म्हणाले. "द्यायला उशीर करीत होतीस."

तिनं हातातला मणी परत खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "रोजे होते ना. दुपारून डोळ्यापुढं अंधारी यायची. हात मंद पडला असंल."

तेव्हा सांगता आलं असतं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या दिवशी दोघींच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी म्हणाले, "असंल."

मी विसरले होते, असं लिहायला मला आवडलं असतं. मी विसरले नव्हते.

उलट तिनंच माझी माफी मागितली. म्हणाली, "जमत न्हाई म्हणून म्या सांगायला पायजे होतं." त्यानंतर ती पंधरा दिवस आली. प्रत्येक फूल देताना विचारायची, "गार न्हाई ना पडलं?" गार पडेल या भीतीनं फूल ज्योतीत जास्तच धरायची, पाकळ्या वितळून एकमेकींत जायच्या. मी बघत होते. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा रिक्षा घेऊन दारात आला. "अक्का, ती म्हनती तिच्या हातानं तुमचं नुकसान नको," तो म्हणाला. "आमी बी आता बीडलाच जायचं म्हनतो. तिकडं धंदा बरा हाय."

"बरं," मी म्हणाले.

ते गेल्यावर आठवड्याभरानं मी बीडच्या उरलेल्या कांडीचा धागा ओढला. विळ्यासारखा वाकला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसं. मी उठले, साडी बदलली, बसच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले.

नेकनूरहून बीडला बसनं फार तर तासभर लागतो. पहिल्या वर्षी वाटलं, तिचं मन जरा निवू दे. मग वाटलं, ती विसरली असेल तर कशाला उकरून काढा. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणेल इतके दिवस कुठं होता. बाजारासाठी बीडला गेले की तिची गल्ली टाळून लांबनं जायचे. चोराच्या मनात चांदणं.

काम मी सोडलं नाही. फूलही मीच करायची आणि काचही मीच चढवायची. मणी घेणारे दुकानदार म्हणायचे, "अक्का, पयल्यासारखं फूल न्हाई राहिलं." मी म्हणायची, पहिल्यासारखी काच तरी आहे ना? ते म्हणायचे, "काच कोन बघतंय?" खरंच होतं. वरची काच चांगली असली की ती दिसतच नाही, फूलच दिसतं. तेरा वर्षं लोक जे बघून वाहवा करायचे ते तिचं होतं. माझ्या हातात काय होतं, तर ते जवळ दाखवणं.

समोरचा बर्नर मी विकला नाही. एक-दोघांनी मागितला होता. दुपारी डबा उघडला की निम्मी भाजी पलीकडे सरकवायची सवय मोडायला वर्ष गेलं. रेडिओ लावून बघितला, पण रेडिओला आपण उत्तर देऊ शकत नाही. एकदा भावाची बायको दारात येऊन म्हणाली, "वन्सं, कुणाशी बोलता?" मी म्हटलं, मण्याशी. ती हसून गेली. मी शहनाजला सांगत होते, की तेलगावचे ते काका वारले.

एकटं राहणं मला नवीन नव्हतं. नवऱ्याच्या घरीही मी एकटीच होते, पण ते कुणीतरी केलेलं होतं. हे मी केलेलं होतं. त्याची तक्रार कुणाकडे करणार?

या वर्षी डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. बीडच्या डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू सांगितला, आणि म्हणाले, "मावशी, आता जाळाकडं बघणं बंद." दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा दुपार होती आणि परतीच्या बसला वेळ होता. समोर रिक्षांचा थांबा होता. मी शहनाजच्या नवऱ्याचं नाव घेतलं. एक पोरगा म्हणाला, "चाचा न्हाईत आज, पण घर दावतो, बसा."

तिनंच दार उघडलं. केस पांढरे झालेत. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मी तिथूनच परत फिरणार होते.

"अक्का! अन् असं न सांगता? डोळ्याला काय झालं?"

तिनं हाताला धरून आत नेलं. पुन्हा रमजानच चालू होता. मी नको नको म्हणताना तिनं चहा टाकला. "तुमाला कुठं रोजा हाय?" म्हणाली. खोलीत एका बाजूला शिलाई मशीन होती, चादरीनं झाकलेली. तिनं चहा माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. मधे ज्योत नव्हती, मण्याकडे बघायची सोय नव्हती. मी सांगितलं. कांड्या, दुकानदार, धागा. तिनं विचारलं ते आणि मी काय म्हणाले ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "धागा वढलाच न्हवता?"

"न्हाई."

"म्या ईचारलं होतं."

"व्हय. ईचारलं होतंस."

ती मशीनकडे बघायला लागली. "रमजानात मी मशीन झाकून ठेवते, अक्का," ती म्हणाली. "तवापासून. म्हटलं, रोज्यात आपला हात धड न्हाई, लोकांचं कापड खराब व्हईल. ईदचे कपडे घेऊन बाया येतात अन् मी माघारी लावते. सासू मरस्तोवर मला आळशी म्हनत व्हती. मी म्हनलं, म्हनू द्या." मग माझ्याकडे वळली. "तुमी लई वाईट केलं, अक्का."

"व्हय," मी म्हणाले. मला रडू आलं, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही. सरळ बघत राहिली.

डोळे पुसून मीच विचारलं, "तेव्हाच सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"भांडले असते की! लई भांडले असते. आठ दिस तोंड बघितलं नसतं तुमचं."

"आणि मग?"

"मग आले असते." माझ्या प्रश्नाचंच तिला नवल वाटलं. "कुठं जाणार होते?"

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायले. ती दारापर्यंत आली, जपून जा म्हणाली, पुन्हा या म्हणाली नाही. आठ दिवसांच्या एका भांडणाला मी भ्याले होते. त्याच्यापायी मी अकरा वर्षं एकटी काढली, हे मला तिच्या पायरीवर उभं राहून कळलं.